अण्णांच्या नोंदी

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१४ जानेवारी २०२५

चि. भिकन,

तिळगूळ वेगळ्या पाकिटात पाठवला आहे. गोड बोल असं तुला सांगत नाही, नुसतं बोललास तरी पुष्कळ झालं. चौदा महिने झाले. फोन तू उचलत नाहीस आणि माझे मेल कुठे जाऊन पडतात देव जाणे, म्हणून शेवटी कागद घेतला. आपण टपाल कचेरीतल्या माणसाची मुलं. कागद पोचतो एवढा विश्वास अजून ठेवू या.

आधी अण्णांचं सांगते. अठ्ठ्याऐंशीवं लागलं. पाय सुजतात, पाठीशी दोन उशा घेतल्याशिवाय पडवत नाही. डॉक्टर म्हणतात हृदय थकलं आहे, औषधाने रेटायचं तेवढं रेटू. डावा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही गेलाच. पण सकाळी चहाची बशी हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला: "भिकनचे आज किती झाले व मालू?"

मग मी मोबाईलवर तुझं पान उघडते. जगात कुठेही कुणी ताऱ्यांवर निबंध लिहिताना तुझ्या निबंधाचा उल्लेख केला की तुझा आकडा एकाने वाढतो, हे मीच त्यांना कधीतरी समजावलं होतं, आता भोगते आहे. तुझे एकूण किती निबंध, कुठल्या वर्षी किती उल्लेख, सगळं त्यांना तोंडपाठ. तुझा तो निर्देशांक एकोणीस आहे म्हणजे एकोणीस निबंधांना निदान एकोणीस-एकोणीस उल्लेख आहेत, असं सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे एकोणीस पोरं पास." पण त्यांचा जीव एकाच पोरात. दोन हजार अकराचा, गच्चीवरून ते ज्याच्या नोंदी ठेवत त्या त्यांच्या ताऱ्यावरचा. तो शंभरावर गेला तेव्हा गल्लीत मावा जिलेबी वाटली होती, दोनशेला पुन्हा. शेजाऱ्यांना वाटलं तुला मुलगा झाला.

आणि भिकन, गेल्या पावसाळ्यात त्यांनी तीनशेची जिलेबी वाटली. त्या आकड्यासाठी मी खोटं बोलले नाही. तो तीनशेवा उल्लेख मी स्वतः उघडून वाचला. कुणीतरी लिहिलं होतं की जुन्या नोंदींवर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं ते पाहा, आणि पुढे कंसात तुझं नाव. तू निबंध मागे घेतल्यापासून एकवीस उल्लेख वाढले, बहुतेक सगळे असेच. मोजणाऱ्या यंत्राला स्तुती आणि शिवी सारखीच. अण्णांना मी फक्त आकडा सांगते. निबंध मागे घेतलास हे त्यांना ठाऊक नाही.

मागे घेतलास ते बरोबरच केलंस. तुझ्याच विद्यार्थिनीने, त्या तृप्तीने, उपग्रहाची मोजमापं लावून दाखवलं की तू म्हटलंस तसा तारा आकसत नाहीये, त्याचा फुगण्या-आटण्याचा काळ साडेसात दिवसांचा होता तसाच आहे. मोठेपणा दाखवलास. पण त्या निवेदनातलं तिसरं वाक्य मला अजून गिळता येत नाही. "ज्या हौशी निरीक्षकाच्या नोंदींवर हा निष्कर्ष आधारलेला होता, त्या नोंदी अविश्वसनीय आढळल्या." एकतीस वर्षं तो माणूस गच्चीवर उभा राहिला. मान दुखली की गळ्याला आईचं लुगडं गुंडाळायचा. त्याचं नाव तरी लिहायचंस, नाव न घेता अविश्वसनीय म्हटलंस. वर त्या दिवाळीत मला फोनवर म्हणालास, "अण्णांच्या वह्यांनी मला बुडवलं."

त्या वह्या संगणकात मी उतरवल्या, उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या घालवून. चार हजार दोनशे सहा नोंदी. पाच वेळा ताडून पाहिल्या. त्यात चूक नाही, हे मी आजही छातीठोक सांगते.

एकदा अण्णांशी बोल. निबंधाबद्दल काही नको. जेवलात का, एवढं विचार.

तुझी,
मालूताई


राजपुरा
२ फेब्रुवारी २०२५

चि. भिकन,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. तरी हे लिहिते आहे, कारण आता लिहिण्याची गरज मला आहे.

समोरचे सुपडूकाका गेले. मंगळवारी, अठ्ठावीस तारखेला, पहाटे पावणेचारला. सकाळी त्यांचे दोघे मुलगे आपल्या ओट्यावर वाद घालत बसले. दहावा कोणत्या दिवशी धरायचा, सोमवारपासून मोजायचं की मंगळवारपासून? धाकटा म्हणे, रातको बारा बजे तारीख बदल गई, तो मंगळवारच. अण्णा आतून खोकत खोकत बाहेर आले आणि म्हणाले, "सूर्य उगला नही तोवर सोमवारच रायतो. बारा वाजता घड्याळ बदलते, वार नही बदलत."

मी सांडशीत दुधाचं पातेलं धरलेलं होतं. ते खाली ठेवलं आणि जिना चढून माळ्यावर गेले.

सतरावी वही काढली. भिकन, बारा नोव्हेंबरची संध्याकाळची नोंद आहे, सव्वाआठची. तिच्याखाली पहाटे चार वाजून दहा मिनिटांची. तारीख तीच, बारा नोव्हेंबर. अण्णांनी दोन्ही ओळी एकाखाली एक, जशा घडल्या तशा लिहिल्या आहेत. आणि त्या दोन ओळींच्या मध्ये माझ्या लाल पेन्सिलीचा बाण आहे: पहाटेची ओळ उचलून वर न्या. मला वाटलं, अण्णा झोपेत होते, क्रम चुकला. मास्तरीण ना मी. वही दिसली की लाल पेन्सिल बाहेर येते.

पहाटेची ती नोंद तेरा तारखेची होती. अण्णांच्या लेखी सूर्य उगवेपर्यंत बारा. मी मात्र ती बाराच्याच पहाटेची म्हणून चढवली, एक अख्खा दिवस आधी. असे बाण मी पानापानावर काढलेत. जिथे वर संध्याकाळची नोंद नव्हती तिथे तर बाणाचीही गरज पडली नाही, सरळ उतरवत गेले.

मला हे कसं सुचलं नाही, असं तू विचारशील. चतुर्थीचा उपास कधी सोडायचा ते या घरात मीच सांगते. पण वाटलं, जो माणूस आयुष्यभर टपालावर तारखेचा शिक्का मारत आला तो बारा वाजता तारीख बदलणारच. काल सहज विचारल्यासारखं त्यांना विचारलं. म्हणाले, "हापिसची तारीख हापिसात. आभायाले काहाले ठप्पा मारू?"

तापी काठची हवा यंदा फार गार आहे. सतरावी वही परत माळ्यावर ठेवलेली नाही.

मालूताई


राजपुरा
११ फेब्रुवारी २०२५

चि. भिकन,

आठवडाभर घरात आलेखाचे कागद पसरले आहेत. संगणक मुद्दाम उघडला नाही, माझी चूक मला हाताने मोजायची होती. चार हजार दोनशे सहापैकी अकराशे चाळीस नोंदी मध्यरात्रीनंतरच्या. नोकरीत असताना अण्णा संध्याकाळी बघायचे, तेव्हा पंधरात एखादी पहाटेची. पंच्याण्णव साली निवृत्त झाले, आई गेली, रात्री झोप येईना, मग पहाटेच गच्चीवर जायला लागले. शेवटच्या दहा वर्षांत निम्म्याहून जास्त नोंदी पहाटेच्या. म्हणजे वर्षागणिक एका दिवसाने मागे सरकलेल्या नोंदी वाढत गेल्या, आणि तारा दरवेळी थोडा थोडा लवकर उजळतोय असं दिसायला लागलं. थोडा पसारा होता, तो डोळ्याच्या अंदाजाचा दोष असं तू निबंधात लिहिलंस. बाकीच्यातून तू सिद्ध केलंस की तारा आकसतो आहे.

तारा आकसत नव्हता रे. आपला बाप म्हातारा होत होता.

त्या अकराशे चाळीस नोंदी एक एक दिवस पुढे सरकवल्या. सगळी रेघ सरळ आली. तृप्तीच्या उपग्रहाशी जुळवून पाहा, जुळेल. नुसत्या डोळ्याने आणि एका जुन्या दुर्बिणीने या माणसाने एकतीस वर्षं बरोबर पाहिलं. अविश्वसनीय कोण असेल तर मी.

आता मला एकच गोष्ट हवी आहे. दुरुस्ती छाप. लिही की निरीक्षक लोटू महाजन, राहणार बुऱ्हाणपूर, यांच्या नोंदी अचूक आहेत, चूक उतरवून घेणारीची आहे, आणि खाली माझं नाव घाल, मालती लोटू महाजन, निवृत्त गणित शिक्षिका. मला त्याची लाज नाही. अण्णांच्या हयातीत ते छापून यावं आणि मी त्यांना वाचून दाखवावं, एवढंच. सोबत सतराव्या वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स पाठवते. बाण स्पष्ट दिसतील.

त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. पाय गुडघ्यापर्यंत सुजले आहेत.

मालूताई


राजपुरा
२७ फेब्रुवारी २०२५

भिकन,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. पंधरा महिन्यांनी चार ओळी म्हणजे पावणेचार महिन्यांना एक, गणिताच्या बाईला हिशोब करायची सवय आहे.

तू ताडून पाहिलंस, मी म्हणते ते बरोबर आहे, हे लिहिलंस त्याबद्दल आभार. पुढचं वाचून मात्र ताट बाजूला सारलं. वीस मार्चला संचालकपदाची निवड आहे, तोवर थांब म्हणतोस. कारण दुरुस्ती छापायची तर मूळ वह्या तू एकदाही उघडून पाहिल्या नव्हत्यास हे कबूल करावं लागेल. खरंच पाहिल्या नव्हत्यास का रे? मी समजत होते तू निदान चाळल्या असशील. माझ्या फाईलवर इतका भरवसा? मला हसू आलं आणि मग खूप वेळ रडूच आलं.

मी तुझ्यासाठी थांबले असते. त्यांच्या हृदयाला कसं थांबवू? परवा मी इच्छापूरला जाऊन देवीच्या पायऱ्या चढून आले. गुडघे बोलत होते. नवस तुझ्या पदाचा की त्यांच्या श्वासाचा, हे पायरी संपली तरी ठरेना.

काल त्यांना सगळं सांगून टाकलं. निबंध मागे घेतला तेही, ते वाक्यही, माझे बाणही. ते उशांना टेकून ऐकत होते. मला वाटलं आधी विचारतील, तीनशेचं काय मग. पण त्यांनी विचारलं, "मंग तारा जसाचा तसा हाय?"

म्हटलं, "जसाचा तसा आहे अण्णा."

"बरं झालं व माय. मले वाटे खंगून रायला. पोराचं नाव झालं म्हणून बोललो नही, पन जीव लागे ना त्याच्यात."

चौदा वर्षं जिलेबी वाटत होता हा माणूस, आणि मनातून त्या ताऱ्याची काळजी करत होता. हे मला या घरात राहून कळलं नाही.

मग मी म्हटलं, भिकनला लिहिलं आहे, तुमचं नाव स्वच्छ करायला सांगितलं आहे. तर एकदम हात उचलला. "नको लिहू त्याले. माह्यं नाव कोणाले मालूम हाय? गल्लीले. त्याचं नाव दुनियाले मालूम. ते खराब होईन." मी भांडले. कधी नव्हे ते त्यांच्यावर ओरडले. ते ऐकून घेत राहिले, आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले, "छापनं-बिपनं राहू दे. त्याचा आवाज ऐकाले भेटला असता तं बरं झालं असतं."

म्हणून मी माझी मागणी मागे घेते. दुरुस्ती वीस मार्चनंतर छाप, पुढच्या वर्षी छाप, नकोच छापू. फोन कर. मी मोबाईल त्यांच्या उशाशी ठेवते आहे.

मालू


राजपुरा
६ मे २०२५

चि. भिकन,

ऊन चव्वेचाळीसवर गेलं आहे. तुकईथडच्या शेतावरून निरोप आला, वाऱ्याने केळीचे खांब आडवे झाले. मामा तिकडे बघून घेतील.

काल दुरुस्ती वाचली. शब्दकोश घेऊन बसले होते, पण गरज पडली नाही, साधं लिहिलं आहेस. लेखकांत पहिलं नाव लोटू महाजन, मग तृप्ती, मग तू. "मूळ वह्या मी पाहिल्या नव्हत्या, ही चूक पूर्णपणे माझी आहे." माझं नाव कुठेच नाही. दोनदा शोधलं. मला वाचवायला निघालास होय? आणि निवड दुसऱ्याची झाली तेही कळलं, तू सांगितलं नाहीस तरी. निवडीच्या पाच दिवस आधीच तू ती दुरुस्ती पाठवून दिली होतीस. मी तुला काय काय समजत होते.

मी तुला एक सांगायचं टाळते आहे, म्हणून केळी आणि ऊन लिहीत बसले.

पंधरा मार्चला, शनिवारी, दुपारी सव्वाचार वाजता अण्णा गेले. तू दुसऱ्या दिवशी भुसावळवरून आलास. तापीवर, अग्नी दिल्यावर, ओल्या कपड्यांत माझ्याजवळ येऊन म्हणालास, "ताई, काल दुपारी दोन वाजता मी फोन केला होता. दुरुस्ती पाठवली, एवढंच अण्णांना सांगायचं होतं. वाजून वाजून बंद झाला." मी म्हटलं, मोबाईलचा आवाज बंद होता. तू मान हलवलीस. तेराव्यापर्यंत घरात होतास, वह्या मांडीवर घेऊन बसायचास, रोज तुला सांगेन म्हटलं आणि रोज राहिलं.

आवाज बंद नव्हता. मी तिथेच होते, पंख्याने वारा घालत. दोन रात्रींनी त्यांचा डोळा लागला होता. तुझं नाव दिसलं आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिते. आता सवड झाली का, असं आलं. आम्ही पंधरा दिवस त्या मोबाईलकडे बघत बसलो, तू दोन तास बघ, असं आलं. अण्णांची झोप मोडू नये म्हणून, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. झोप तर मोडलीच होती.

आवाजाने त्यांनी डोळे उघडले. मोबाईल माझ्या हातात वाजत होता. त्यांनी विचारलं, "कोनाचा व?"

मी म्हटलं, "कंपनीचा आहे अण्णा. झोपा तुम्ही."

"बरं," म्हणाले, आणि डोळे मिटले.

मालू